कुलूपबंद वाङ्मय

आमच्या गोडदेव नाक्यावर सल्ला फुकट मिळतो. कुठल्या डॉक्टरकडे जावं, मुलीला कुठल्या क्लासला घालावं, सकाळी भाईंदर लोकल पकडायची तर फलाटावर नेमकं कुठल्या खांबापाशी उभं राहावं, सगळं सांगणारी माणसं चहाच्या टपरीवर हजर असतात. ‘अमुक एक पुस्तक वाचा’ असं मात्र चाळीस वर्षांत मला इथे कुणी सांगितलेलं नाही. त्यामुळे जवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई घरी येऊन, “आठवी ते दहावीच्या मुलांसाठी पंचवीस आणि त्यांच्या पालकांसाठी पंचवीस पुस्तकांची यादी करून द्या,” म्हणाल्या तेव्हा मी हुरळलो. १९८४ साली मी इथे राहायला आलो तो टेंपोभर पुस्तकं घेऊन. इमारतीतल्या लोकांचा पहिले सहा महिने माझा रद्दीचा धंदा आहे असा समज होता. त्या टेंपोचं पुण्य असं उशिरा फळाला आलं.

कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे ‘मुले’, उजवीकडे ‘पालक’. आणि पहिल्याच पुस्तकाला अडलो. ‘श्यामची आई’ कुठे घालायचं? तुम्ही म्हणाल, डावीकडे, यात काय विचार करायचा! पण साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं, त्यात गोष्ट सांगणारा श्याम चांगला बाप्या माणूस आहे आणि ऐकणारे त्याचे आश्रमातले मित्र. म्हणजे मोठ्यांनी मोठ्यांना सांगितलेली गोष्ट. शिवाय आमच्या घरात ते वाचून रडायचे ते मोठेच. मुलं त्यांच्याकडे बघत बसायची.

तेव्हा म्हटलं, आपल्याआधी ज्यांनी अशा याद्या केल्या त्यांनी काय केलं ते तरी पाहावं. आणि इतिहासात शिरलो. इतिहासात शिरण्याचा फायदा असा, की हातातलं काम पुढे ढकलता येतं आणि वर अभ्यास चालू आहे असं सांगता येतं.

मराठी मुलांनी काय वाचावं याची काळजी पहिल्यांदा इंग्रजांनी वाहिली. १८२२ साली मुंबईत शाळांसाठी पुस्तकं तयार करणारी मंडळी स्थापन झाली. तिचे एतद्देशीय चिटणीस सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे. त्यांनी १८२८ साली इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या आणि त्याच वर्षी ‘बाळमित्र’. हा बाळमित्र मूळचा फ्रेंच. बेर्कां नावाच्या गृहस्थांनी पॅरिसच्या पोरांना शहाणं करण्यासाठी लिहिलेल्या गोष्टी लंडनमार्गे मुंबईला आल्या. म्हणजे मराठी मुलाला मिळालेला पहिला शाळासोबती एक ग्रीक, दुसरा फ्रेंच, आणि दोघांचाही उद्देश त्याला बोध करणे. बिचाऱ्या बापूंनाही याचा कंटाळा आला असावा, कारण त्यांनी ‘वेताळपंचविशी’ही मराठीत आणली. प्रेत खांद्यावर घेऊन अंधारात चालणारा राजा हा मला त्या सगळ्या जथ्यातला खरा बाळमित्र वाटतो.

पुढे विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली मुलांसाठी मासिक काढलं, त्याचं नाव ‘बालबोध’. निदान फसवणूक नव्हती. बोध नावातच होता. १९०६ साली वासुदेव गोविंद आपट्यांनी मासिकाचं नाव ‘आनंद’ ठेवलं. बोधापासून आनंदापर्यंत यायला आपल्याला पंचवीस वर्षं लागली. काही शाळा अजून वाटेत आहेत.

कादंबरीची गोष्ट याहून मजेची. विधवांची दु:खं सांगणारं बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आलं, हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली, आणि मग कादंबऱ्यांनी पोरं बिघडतात ही ओरड सुरू झाली ती आमच्या पिढीपर्यंत पोचली. हा शब्द आपण बाणभट्टाच्या नायिकेच्या नावावरून उचलला. बाणभट्टाच्या हातून ‘कादंबरी’ पुरी झाली नाही, ती त्याच्या मुलाने पुरी केली. असाच प्रकार कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या घरी घडला. अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टींचं भाषांतर बापाने सुरू केलं, पुढे मुलाने, म्हणजे निबंधमालाकार विष्णुशास्त्र्यांनी, चालवलं. ज्या गोष्टी मुलांच्या हाती पडू नयेत म्हणून आयाबाया जपत होत्या, त्या पुण्याच्या या घरात बापलेक पाळीपाळीने लिहीत होते.

वडीलधाऱ्यांच्या याद्यांत बायका तर कुठल्याच रकान्यात नव्हत्या. न्यायमूर्ती रानडे रमाबाईंना शिकवायला बसले तर घरातल्या मोठ्या बायकांनीच त्यांना सळो की पळो केलं. त्यांनी ते सगळं आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलंय, आणि रागावल्याशिवाय लिहिलंय, हे मला अजून जमलेलं नाही. पालकांच्या रकान्यात पहिलं नाव मी तेच लिहिलं.

यादीपेक्षा पुस्तकं पोचवण्याला महत्त्व दिलं ते बडोद्याच्या सयाजीरावांनी. १९१० साली त्यांनी बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणला आणि लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव फिरवली. पेटी उघडायची, वाचायची, परत पाठवायची. आमच्या शाळेत पेटी नव्हती, कपाट होतं. फरक एवढाच, की पेटी उघडायची.

मी लालबागचा. १९७० साली आठवीत होतो. आमच्या वर्गाबाहेर काचेचं कपाट होतं आणि त्याची किल्ली ज्या मास्तरांकडे होती ते नेहमी दुसऱ्या पाळीला असत. काचेतून पुस्तकांचे कणे पाठ झाले होते. हे आमचं शालेय वाचन. एका परीने ते चुकीच्या वयाचंही नव्हतं, कारण आम्हाला वयच नव्हतं. ‘बाल’ संपला की एकदम ‘प्रौढ’. मधल्या आडमुठ्या वर्षांसाठी बालभारतीने ‘किशोर’ काढलं ते १९७१च्या नोव्हेंबरात, आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकांतून धावायला लागला तोवर आमच्या मिशा फुटल्या होत्या.

मग उरली कोपऱ्यावरची सर्क्युलेटिंग लायब्ररी आणि बाबूराव अर्नाळकर. आडनावातच आमच्या विरारजवळचं गाव घेऊन हिंडणाऱ्या या माणसाने हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय! कुठल्याही शाळेने त्यांची शिफारस केली नव्हती, म्हणून आम्हाला ते कुणी सांगावे लागले नाहीत.

असाच एक ‘झुंजार’ भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचताना तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पकडलं. तात्या गिरणीत साचेखात्यात. शिक्षण चौथी. बोलणं त्याहून कमी. एक मुस्कटात बसली आणि पुस्तक जप्त झालं. तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठलो तर चाळीच्या गॅलरीत, सामाईक दिव्याखाली, तात्या ओठ हलवत तेच पुस्तक वाचत बसलेले. मी गुपचूप परत येऊन झोपलो. सकाळी त्यांनी विचारलं,

“शेवटची पानं कुठायत?”

लायब्ररीच्या पुस्तकांना शेवटची पानं क्वचितच असत. मलाही शेवट माहीत नव्हता. पण एक थप्पड ताजी असल्यामुळे मी तो तिथल्या तिथे रचून सांगितला. खुनी कोण, हार कुठे लपवला, झुंजार गच्चीवरून कसा उतरला, सगळं. तात्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मला नाय पटत. तो नोकर खून करील असा वाटत नव्हता.” आमच्या आयुष्यात आम्ही सलग पंधरा मिनिटं बोललो ते पहिल्यांदा. पुढच्या आठवड्यापासून वर्गणीचे पैसे त्यांनीच दिले.

त्याच सुमारास मोठ्या माणसांची एक यादी थेट सर्वोच्च न्यायालयात पोचली होती, हे मला फार उशिरा कळलं. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लील म्हणून पुण्यात खटला झाला. खालच्या कोर्टात सुटले, उच्च न्यायालयात दोषी ठरले, १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. एका श्यामची आई प्रत्येक शाळेच्या कपाटात आणि दुसरी श्यामा दिल्लीच्या कोर्टात! सगळा वाद होता तो आमच्या वयाच्या पोरांवर काय परिणाम होईल याचा. निकालात न्यायमूर्तींनी म्हटलं त्याचा मथितार्थ असा, की कादंबरीत शरीरसंबंधांचा नुसता उल्लेख आला म्हणून ती किशोरांना वर्ज्य ठरवायची, तर त्यांना एकही कादंबरी वाचता येणार नाही, निव्वळ धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील. न्यायमूर्तींना नम्रपणे एवढंच सुचवावंसं वाटतं, की महाभारताचं आदिपर्व कुणी सोवळ्यात वाचून पाहावं. मुलांना जपायचं तर धार्मिक पुस्तकांचंही कपाट बंदच ठेवावं लागेल.

१९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला आणि तात्या घरी बसले ते कायमचे. चाळीतली माणसं चिडत होती, पीत होती, गावाला जात होती. तात्या वाचत होते. अर्नाळकर संपले, मग ‘स्वामी’, मग ‘मृत्युंजय’, ओठ हलवत, रोज वीस पानं, पाळीवर गेल्यासारखी. खोली विकून आम्ही गोडदेवला आलो तेव्हा भोवती मिठागरं, भातशेती आणि अर्धवट इमारती. नाव गोडदेव, पाणी खारं. तेव्हा इथे नगरपालिकाही नव्हती, ती १९८५ साली झाली. वाचनालय कुठे शोधणार? तात्या कुठल्याशा शाळेत चौकशीला गेले. शिपाई म्हणाला, “आजोबा, पुस्तकं मुलांसाठी आहेत.” तात्यांनी काचेतून कणे वाचले आणि परत आले. घरी येऊन एवढंच म्हणाले, “बरीच हायेत. नवी कोरी हायेत.”

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला पहिलाच, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. इतकी साधी गोष्ट सिद्धांत म्हणून मांडावी लागली, त्याअर्थी शास्त्रीबुवांनी आपली कपाटं नीट पाहिली असणार.

तर मी यादी केली. पन्नास पुस्तकं, पण मधली रेघ खोडून टाकली. आणि खाली एक अट लिहिली, की शनिवारी दुपारी दोन तास कपाट उघडं राहील आणि पालकांनाही पुस्तक मिळेल. बाईंनी यादी वाचली, अट दोनदा वाचली, आणि म्हणाल्या, “पुस्तकं हरवली तर?” मी म्हटलं, “आजवर एकही हरवलं नाही, हीच तर तक्रार आहे.” बाई हसल्या. किल्ली मात्र माझ्या गळ्यात मारली.

पहिल्या शनिवारी नववीतला एक मुलगा आला. “काका, पप्पांना पाहिजे. ते बाहेर रिक्षात बसलेत, आत यायला लाजतात.”

“कसलं पाहिजे?”

“जाड नको बोललेत. गॅसच्या लाइनमध्ये संपलं पाहिजे.”

मी माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ दिली. रजिस्टरमध्ये पालकाला रकाना नव्हता, म्हणून मुलाच्या नावावर मांडली. पुढचा शनिवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. तिसऱ्या शनिवारी रिक्षावाला स्वतःच आत आला, खाकी शर्टाची बटणं लावत. हातात पुस्तक नव्हतं.

“काका, आठ दिवस अजून ठेवू का? माझं कवाच झालं. पण गावाकडनं आमचे आबा आलेत. आमचा माणदेशच. दुष्काळात गाव उठलं ते त्यांनी बघितलंय. रात्री पोरगा वाचतो, आबा मधी मधी थांबवून त्याला सांगत बसतात. त्यानं लय वेळ लागतोय.”

रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना दंडाचा आहे. तो मी कोरा ठेवला.