कॉम्प्युटरचे शिक्षण आणि कामाचा अनुभव

अल नहदात, दुबईच्या बाजूला असो की शारजाच्या, घरात कोणी बारावीला गेले की पालक आम्हा आयटीवाल्यांना हटकून विचारतात: कॉम्प्युटर इंजिनिअरिंग इथेच करावे की भारतात पाठवावे? आमचे मत असे, की कॉलेजच्या नावाआधी तिथे प्रत्यक्ष काम किती करायला मिळते ते पाहावे.

बिट्स पिलानीची दुबई शाखा २००० साली सुरू झाली. आता ती अ‍ॅकॅडमिक सिटीत आहे. तिथली 'प्रॅक्टिस स्कूल' पद्धत मूळ पिलानीची, १९७३ पासूनची. दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत सुमारे दोन महिने, आणि शेवटच्या वर्षी हा पर्याय घेतल्यास साधारण साडेपाच महिने विद्यार्थी कंपनीत काम करतो. त्याचे क्रेडिट पदवीत धरले जातात. नुसते सर्टिफिकेट गोळा करण्यापेक्षा हे कितीतरी बरे!

भारतात जायचे तर 'दासा' योजनेत आखातातील भारतीय नोकरदारांच्या मुलांसाठी वेगळा गट आहे, फीही कमी. नागपूरचे व्हीएनआयटी त्यात येते. प्रवेश जेईई मेनवर, म्हणून तयारी अकरावीपासूनच हवी.

२०२२ पासून अविवाहित मुलाला वडिलांच्या व्हिसावर पंचविसाव्या वर्षापर्यंत राहता येते. पदवीनंतर नोकरी शोधायला तेवढीच सवड.

मात्र सुट्टीत ओळखीच्या ऑफिसात मुलांना तसेच 'बसवू' नये. पंधरा वर्षांवरील विद्यार्थ्यांसाठी मनुष्यबळ मंत्रालयाचे ट्रेनिंग परमिट असते आणि ते कंपनीने काढायचे असते. फ्री झोनमधल्या कंपनीसाठी तिथल्या प्राधिकरणाकडे चौकशी करावी.