गच्चीवरची माती

बंगळूरच्या इंदिरानगरात शंभर फुटी रस्त्याने सायंकाळी चालू लागले, की नजर आपोआप वर जाते. १९७० च्या दशकात आकाराला आलेल्या या वसाहतीतील ऐसपैस बंगल्यांची पुढे दुकाने, कचेऱ्या आणि उपाहारगृहे झाली, आणि त्यांतील कित्येकांच्या गच्चीवर झाडे आली. जुन्या सरकारी वा व्यापारी कचेरीचा कायापालट करावयाचा झाला, तरी आता गच्चीवर हिरवळ मागितली जाते. हिरवळ रम्य असते हे खरेच. परंतु तिच्याखाली माती असते, मातीत पाणी मुरलेले असते आणि त्या दोहोंचा भार कोणती तरी तुळई मुकाट्याने वाहत असते. गच्चीवरील बागेचा इतिहास बॅबिलोनपासून सांगण्याची प्रथा आहे. मला तो मराठवाड्याच्या माळवदापासून सांगावासा वाटतो.

माळवद म्हणजे मातीचे सपाट छप्पर. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, वर पाला आणि त्यावर मातीचा जाड थर. या थरासाठी गावच्या जुन्या वस्तीची पांढरी माती आणीत, कारण तिच्यातून पाणी सहसा झिरपत नाही. पावसाळ्यापूर्वी भेगा बुजवून नवी माती अंथरायची, ती चोपून उतार साधायचा, पन्हळी मोकळ्या करायच्या, ही घरोघरची कामे होती. पावसात माळवदावर गवत उगवे. पण ते कौतुकाने राखण्याची चाल नव्हती. मुळे मातीला वाट करून देतात आणि त्याच वाटेने पाणी घरात येते, हे ठाऊक असलेला घरधनी ते उपटून टाकी. आज ज्यासाठी आपण पैसे मोजतो, ते त्याच्या लेखी हेळसांडीचे चिन्ह होते.

या रीतीत एक घात दडलेला होता. जुना थर न खरवडता दरसाल नवा चढत गेला, की छप्पर पिढ्यानुपिढ्या जड होत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीखाली गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या आणि जड माळवदांनी मृत्यूचे काम पुरे केले. जेथे छपराचा भार भिंतींवर नसून लाकडी खांबांच्या खणावर होता, तेथे भिंती पडूनही काही छपरे उभी राहिली.

बाग वाहण्याचे काम सोपविलेले एक जुने छप्पर मुंबईत आहे. मलबार टेकडीवरील फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजे लोकांच्या तोंडचे हँगिंग गार्डन, १८८० च्या सुमारास पाण्याच्या जलाशयावर रचले गेले. तेथे हिंडणाऱ्या बहुतेकांना पायाखाली शहराचे पिण्याचे पाणी आहे याचा पत्ताही नसतो. जलाशय नव्याने बांधण्याचा बेत महापालिकेने पुढे आणला, तेव्हा बाग आणि झाडे जाणार म्हणून रहिवाशांनी विरोध केला आणि २०२३ च्या अखेरीस तज्ज्ञांना आत उतरून पाहणी करावी लागली. बाग वाचवावयाची तर आधी तिचे छप्पर तपासावे लागते.

दक्षिणेतील जुन्या कचेऱ्यांची छपरे या कामासाठी घडविलेली नव्हती. लाकडी तुळयांवर चुन्यात तिरप्या बसविलेल्या विटा, त्यांवर वीट-चुन्याचा कोबा, आणि तो लाकडी थापट्यांनी दिवसच्या दिवस चोपून घट्ट केलेला, अशी त्यांची घडण. ऊन आणि पाऊस अडविण्यास ती पुरेशी होती. ओल मुरली, की लाकूड आतून कुजते आणि खालून काही दिसत नाही. आजच्या भारतीय मानकात वावराच्या गच्चीसाठी माणसांचा आणि सामानाचा भार दर चौरस मीटरला सुमारे १५० किलोग्रॅम धरतात. सहा इंच ओल्या मातीचाच भार अडीचशे किलोग्रॅमच्या वर जातो, आणि तो रात्री घरी जात नाही! काँक्रीटच्या नव्या इमारतीत अभियंता हे वजन आरंभीच हिशेबात धरू शकतो. शंभर वर्षांच्या तुळईपुढे हा हिशेब मांडणारा कोणी नव्हता. अशा छपरावर वाफे मांडण्याची घाई मला तरी अविचाराची वाटते.

उपाय मातीतच शोधणारेही निघाले. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी पालापाचोळ्यापासून माती घडविण्याचे प्रयोग लोकांपुढे ठेवले, वांद्र्याच्या आर. टी. दोशींनी आपल्या गच्चीवर उसाच्या चिपाडांत भाजी पिकविली. या शतकाच्या आरंभी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात खानपान अधिकारी असलेल्या प्रीती पाटील यांनी तेथल्याच गच्चीवर बाग उभी केली. या बागेसाठी शेतातली जड माती वर चढवावी लागली नाही. खाली कामगारांचे जेवण रांधले जाई. त्यातून उरलेली साले आणि देठे वर जात, पाचोळ्याबरोबर कुजत, आणि तीच पुढे झाडांची माती होई.