आधी उपचार, मग हिशेब

८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमधील मथुरापूर स्थानकावर एक शेतमजूर आगगाडीतून खाली पडला. डोक्याला जबर मार लागून मेंदूत रक्तस्राव झाला होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नव्हती. तेथून सुरू झालेली फरफट थेट कलकत्त्यापर्यंत गेली. एकामागून एक सरकारी इस्पितळांनी खाट नाही, साधने नाहीत, असे सांगून त्याला परत पाठविले. अखेर खासगी इस्पितळात सुमारे १७ हजार रुपये मोजल्यावर त्याच्यावर उपचार झाले.

वास्तविक तीनच वर्षांपूर्वी, ऑगस्ट १९८९ मध्ये, परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आपला कौल दिला होता : जखमी माणूस समोर आला की पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता त्याचा जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खासगी, कर्तव्य होय. बंगालमधील प्रकरणात, ६ मे १९९६ रोजी, न्यायालय एक पाऊल पुढे गेले. तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे घटनेच्या २१व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग होय. पैशांची चणचण ही सबब शासनाला सांगता येणार नाही, असे त्याने बजावले आणि त्या मजुराला २५ हजार रुपये भरपाई देवविली.

अशा रीतीने इस्पितळाचे दार कायद्याने उघडले. परंतु आतल्या खर्चाचे काय?

स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, कामगार राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. तिचा लाभ मुख्यत्वे कारखान्यातील कामगारांना. शेतमजूर बाहेरच राहिला. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ आणली. मध्यमवर्गाला तिचा मोठा आधार झाला. मात्र तिची रीत अशी, की आधी बिल स्वतः भरावे आणि मग पावत्या जोडून परतावा मागावा. म्हणजे ऐन संकटाच्या रात्री विमेदाराचीही उसनवारी सुटत नसे. २००१ नंतर मध्यस्थ संस्थांना परवाने मिळू लागले आणि रोकडविरहित उपचारांची पद्धत रुळली; पण करार झालेल्या इस्पितळांपुरतीच. अपघातात सापडलेला माणूस इस्पितळ निवडत नाही, ही साधी गोष्ट या व्यवस्थेत फार काळ दुर्लक्षित राहिली.

महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण तिने दिले आणि पुढे ती राज्यभर पसरली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून कळवून उपचार सुरू करण्याची मुभा तिच्यात आहे.

रस्त्यावरील जखमींसाठी २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने पहिल्या तासातील रोकडविरहित उपचारांची तरतूद केली. प्रत्यक्ष योजना मात्र सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यावर, मे २०२५ मध्ये, निघाली : अपघातानंतर सात दिवसांपर्यंत, दीड लाखांच्या मर्यादेत. तीही केवळ मोटार वाहनांच्या अपघातांना लागू. मथुरापूरचा मजूर आज गाडीतून पडला, तर या योजनेत बसणार नाही.

जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसी त्रास होऊ नये म्हणून २०१६ साली न्यायालयाने मान्यता दिलेल्या नियमांना इंग्रजीत दयाळू शोमरोन्याचेच नाव आहे. त्या दाखल्यातील जखमा बांधण्याचा प्रसंग आपल्याला पाठ असतो. पण त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी दिली आणि जास्त खर्च झाल्यास परतताना फेडीन असा शब्दही दिला, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्या शब्दावर विसंबून मालकाने जखमीची शुश्रूषा करावयाची होती. तसा शब्द समाजाने प्रत्येकासाठी आगाऊ देऊन ठेवणे, हेच आरोग्यविम्याचे खरे प्रयोजन. गेल्या काही दशकांत तो शब्द कारखान्यातून घरापर्यंत व घरातून रस्त्यापर्यंत आला आहे. शेताच्या बांधापर्यंत तो पुरता पोचावयाचा आहे.