ग्रँट रोडचें नाटकगृह

फोर्टांतील इंग्रजांचें जुनें नाटकगृह कर्जापायीं १८३५ सालीं विकलें गेलें. नवें नाटकगृह १८४६ सालीं जगन्नाथ शंकरशेट यांच्या जागेवर, ग्रँट रोडला, उभें राहिलें. परंतु रात्रीं इतक्या दूर यावयास साहेबलोक नाखूष! त्यांच्या या नाखुषीचे देशी रंगभूमीनें उपकारच मानावे. तिकडे सांगलीस १८४३ त विष्णुदास भावे यांजकडून ‘सीतास्वयंवर’ करविणारे चिंतामणराव पटवर्धन १८५१ त निवर्तले, आणि भाव्यांच्या मंडळीचा राजाश्रय तुटला. १८५३ त ती मंडळी मुंबईस येऊन याच रंगमंचावर तिकीट लावून उभी राहिली. दरबारांत एका धन्यास रिझविणारें आख्यान आतां पैसे मोजून आलेल्या अनोळखी प्रेक्षकांस रुचणें भाग होतें. त्याच वर्षीं पारशी नाटक मंडळीनेंही रुस्तुम-सोहराबाची कथा तेथेंच रंगविली.