वे, वा, झालों

फ्रेंचच्या पहिल्याच पुस्तकात 'फ्युत्युर प्रोश' म्हणजे नजीकचा भविष्यकाळ भेटतो आणि शिकणारा हुश्श करतो. बाकीच्या अनेक काळांत क्रियापदांचे प्रत्यय घोकावे लागतात. इथे 'आले', म्हणजे 'जाणे', या एका क्रियापदाची वर्तमानकाळाची सहा रूपं तोंडी असली की काम झालं. त्यांच्यापुढे हवं ते क्रियापद मूळ रूपात ठेवायचं. 'पार्ले' म्हणजे बोलणे, म्हणून ज वे पार्ले, त्यु वा पार्ले, इल वा पार्ले, नू झालों पार्ले, वू झाले पार्ले, इल वों पार्ले. नकार हवा असेल तर 'न' आणि 'पा' ही जोडी 'वे'च्या दोन बाजूंना बसते: ज न वे पा पार्ले, मी बोलणार नाही. ('झालों'मधला झ खरं तर आधीच्या 'नू'च्या शेवटचा, एरवी मुका राहणारा स. पुढे स्वर आला की तो जागा होतो. मराठी कानाला मात्र काहीतरी होऊन गेल्याचाच भास होतो!)

सहा रूपं आहेत, पण ती एका घरची वाटत नाहीत. 'वे, वा, वों' कुठे आणि 'आलों, आले' कुठे? एका घरची ती नाहीतच. 'वे-वा-वों' आली लॅटिनच्या 'वादेरे'पासून. साध्या भविष्यकाळातलं 'इरे' (मी जाईन) आलं 'इरे' याच लॅटिन धातूपासून. आणि 'आले'? बहुतेक अभ्यासक 'आम्बुलारे' म्हणजे चालणे, हिंडणे याकडे बोट दाखवतात, पण मधली वाट सगळ्यांना पटलेली नाही. याच 'आम्बुलारे'पासून फ्रेंचमध्ये सैन्यामागून हिंडणाऱ्या रुग्णालयाचं नाव पडलं आणि आपल्याकडे त्याची ॲम्ब्युलन्स झाली. मराठी माणसाने या ठिगळांना हसू नये. आपण 'जातो' म्हणतो ते संस्कृत 'या' धातूवरून आणि 'गेलो' म्हणतो ते 'गम्'च्या 'गत'वरून. जाण्याला एक धातू आपल्यालाही पुरलेला नाही.

जाण्याच्या क्रियापदाला भविष्यकाळात उभं करायची वेळ का यावी? लॅटिनमध्ये 'कान्ताबित' म्हणजे गाईल आणि 'कान्तावित' म्हणजे गायला. पुढे बोलण्यात दोन स्वरांमधल्या ब आणि व यांतला फरक पुसला गेला आणि होऊन गेलेलं नि व्हायचं एकसारखं ऐकू येऊ लागलं. मग लोक 'कान्तारे हाबेओ' अशी जोडणी वापरू लागले. अर्थ साधारण असा, की मला गायचं आहे. ही जोडी घासून एकजीव झाली आणि फ्रेंचमध्ये 'शांत्रे' झाली. आज विद्यार्थी भविष्यकाळाचे प्रत्यय म्हणून जे पाठ करतात, ती 'असणे, जवळ असणे' या क्रियापदाची वर्तमानकाळाची रूपं आहेत, शेपटासारखी चिकटलेली. इ. स. ८४२ मधल्या स्त्रासबूरच्या शपथेत, फ्रेंचच्या सर्वांत जुन्या समजल्या जाणाऱ्या मजकुरात, 'साल्वाराय' असं रूप आहे. म्हणजे जोड तेव्हाच पक्की झाली होती.

एकदा जोड दिसेनाशी झाली की भाषा नवी जोडणी शोधते. १५व्या शतकाच्या सुमारास 'जाणे'ची ही रचना फ्रेंचमध्ये रुळू लागली. आता तिच्यातल्या 'जाण्या'चे पाय गळून पडलेत. 'ज वे रेस्ते' म्हणजे मी थांबणार आहे, आणि 'ज वे आले' म्हणजे मी जाणार आहे. हिंदीच्या 'जाएगा'तही तेच आहे. त्यातला 'गा' हा 'गत'चा वंशज, म्हणून तर तो लिंगाप्रमाणे 'गी' होतो. कॅटलानची तऱ्हाच न्यारी. 'मी जातो' आणि 'गाणे' ही तीच दोन पदं तिथे जोडली की अर्थ होतो 'मी गायलो'! जुने गोष्टीवेल्हाळ 'मग तो जातो आणि म्हणतो' अशा थाटात सांगत असत, त्यातून हा भूतकाळ घडला असं मानतात.

'नजीकचा' हे नाव मात्र मला नेहमी खटकतं. घड्याळाशी त्याचा संबंध थोडाच आहे. वर्गात हमखास देतात ते उदाहरण पाहा. 'एल वा आव्वार अँ नांफां' आणि 'एल ओरा अँ नांफां'. पहिल्यात ती गरोदर आहे. दुसऱ्यात तिला कधीतरी मूल होईल, एवढंच. मराठीतही नेमका हाच भेद आहे: 'तिला मूल होणार आहे' आणि 'तिला मूल होईल'. आपल्या वाक्यातला 'आहे' आणि फ्रेंचमधला 'वा' दोन्ही वर्तमानकाळातले. पुढच्या गोष्टीचं मूळ आजच रुजलेलं आहे, एवढं ते सांगतात. अंतर किती हे सांगत नाहीत. वीस वर्षांनी फिटणाऱ्या कर्जाबद्दलही फ्रेंच माणूस 'जाणे' वापरू शकतो.

आपण मात्र जाण्याकडे न जाता करणाऱ्याकडे गेलो. 'करणार' हा मुळात 'करणारा'च, जुन्या 'करणहार'चा आखूड अवतार. संस्कृतात 'दातास्मि' म्हणजे 'मी देणारा आहे', आणि अर्थ 'मी देईन'. हे रूप पाणिनीने आजच्या दिवसात न बसणाऱ्या भविष्यासाठी राखून ठेवलं. अगदी जवळच्या भविष्यासाठी वर्तमानकाळ चालेल, अशी सूटही त्याने दिली.

पॅरिसच्या कॅफेतला वेटर हाक मारल्यावर 'जारीव्ह' म्हणतो, म्हणजे पोचतोय, वर्तमानकाळात. आपल्या उपाहारगृहातला पोऱ्या थेट भूतकाळात जातो: 'आलो, आलो!' टेबलापाशी यायला दोघांनाही तेवढाच वेळ लागतो.