मुआरा कामन येथील यूपलेख : एक भाषिक-ऐतिहासिक विचार

पूर्व बोर्निओतील महाकाम नदी सखल व दलदलीच्या प्रदेशातून समुद्राकडे जात असता तिला केडांग रांताउ ही उपनदी येऊन मिळते. ह्या संगमावर मुआरा कामन नावाचे एक लहानसे खेडे आहे. मलाय भाषेत 'मुआरा' म्हणजे नदीचे मुख किंवा संगम. गावाच्या वरच्या अंगास सेमायांग, मेलिंतांग व जेम्पांग ही विस्तीर्ण सरोवरे असून खालच्या अंगास तेंगारोंग व समारिंदा ही नगरे लागतात. अंतर्भागातील अरण्यातून येणारा माल नदीमार्गानेच समुद्राकडे जाई. त्यामुळे संगमावर ज्याची सत्ता त्याच्या हाती वाहतुकीच्या नाड्या, अशी येथील भूरचना आहे. इंडोनेशियातील उपलब्ध शिलालेखांपैकी सर्वांत प्राचीन लेख ह्याच खेड्याच्या परिसरात सापडले, ही गोष्ट ह्या भूरचनेशी सुसंगतच म्हणावी लागेल.

इ. स. १८७९ मध्ये येथील चार कोरीव पाषाणांची वार्ता बटेव्हियाच्या कला व विज्ञान संस्थेकडे पोहोचली व पुढे ते पाषाण तेथे नेण्यात आले. डच पंडित केर्न ह्यांनी त्यांचा प्रथम अभ्यास केला. फोखेल ह्यांनी १९१८ मध्ये त्यांची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. १९४० मध्ये आणखी तीन पाषाण हाती आले व त्यांचे वाचन बहादुरचंद छाबरा ह्यांनी केले. लेखांवर कालनिर्देश नाही. तथापि दक्षिण भारतीय ब्राह्मीच्या प्रारंभिक पल्लव वळणाशी मिळतीजुळती असलेली त्यांची लिपी पाहता ते इ. स. ४००च्या सुमाराचे असावेत, असे विद्वानांचे सामान्यतः मत आहे. भाषा संस्कृत, रचना पद्यमय आणि शुद्धताही चांगली आहे.

लेखांतील वृत्तान्त थोडक्यात असा : कुंडुंग नावाच्या राजास अश्ववर्मा हा पुत्र झाला. त्यास तीन पुत्र होते व त्यांत मूलवर्मा श्रेष्ठ होय. मूलवर्म्याने बहुसुवर्णक नावाचा यज्ञ केला. वप्रकेश्वर ह्या पुण्यक्षेत्री ब्राह्मणांना वीस सहस्र गाई दिल्या. अन्य राजांना जिंकून युधिष्ठिराप्रमाणे मांडलिक केले. ह्या दानांच्या स्मरणार्थ ब्राह्मणांनी हे यूप उभारले. राज्याचे नाव मात्र कोणत्याही लेखात येत नाही. 'कुताई' हे अभिधान अर्वाचीन अभ्यासकांनी नंतरच्या प्रदेशनामावरून योजिलेले आहे.

ह्या सात पाषाणांवरून निघालेला प्रश्न केवळ पुराभिलेखविद्येचा नाही. १९२६ मध्ये कलकत्त्यास 'ग्रेटर इंडिया सोसायटी' स्थापन झाली. त्या काळातील रमेशचंद्र मजुमदारप्रभृती इतिहासकारांनी अशा लेखांत भारतीय वसाहतींचा पुरावा पाहिला. परतंत्र राष्ट्राला आपल्या पूर्वजांच्या सागरपार पराक्रमाची ओढ वाटावी हे स्वाभाविक होते. परंतु स्वाभाविक आणि सिद्ध ह्या दोन भिन्न गोष्टी होत. उलट, फान लूर ह्यांनी १९३४ मध्ये असे प्रतिपादन केले की, स्थानिक सत्ताधीशांनीच आपल्या प्रतिष्ठेसाठी ब्राह्मणांना पाचारण केले असावे. ह्या वादात लेखांची भाषा स्वतः काय सांगते, हे पाहणे उद्बोधक ठरते.

पहिली साक्ष नामांची. मूलवर्मा व अश्ववर्मा ही नावे निःसंशय संस्कृत आहेत. कुंडुंग हे नाव मात्र संस्कृत व्युत्पत्तीत बसत नाही आणि बहुतेक अभ्यासक ते स्थानिक मानतात. विशेष हे की, लेखकर्ता 'वंशकर्ता' हे पद कुंडुंगास न लावता अश्ववर्म्यास लावतो. पितामह ज्ञात असूनही वंशाचा आरंभ पित्यापासून धरला जातो. ह्याचा सरळ अर्थ असा की, नव्या पद्धतीचे राजत्व दुसऱ्या पिढीत आले. घराणे मात्र जुनेच होते. बाहेरून आलेल्या विजेत्याच्या वंशावळीत हा क्रम दिसला नसता.

दुसरी साक्ष 'इहागत' ह्या शब्दाची. यूप उभारणारे ब्राह्मण 'येथे आलेले' होते असे लेख सांगतो. हे विशेषण ब्राह्मणांपुरतेच आहे. राजास ते कोठेही लावलेले नाही. 'इह' ह्या अव्ययात बोलणाऱ्याचे स्थान निश्चित झाले आहे : लेखाचा दृष्टिकोन बोर्निओच्या भूमीवर उभा राहून पाहणाऱ्याचा आहे.

तिसरी साक्ष पाषाणांची. भारतातील मथुरेजवळच्या ईसापूर येथील पाषाणयूप लाकडी यूपाचे अनुकरण करणारा व रेखीव अष्टकोनी आहे. मुआरा कामनचे यूप तसे नाहीत. ते ओबडधोबड, जवळजवळ नैसर्गिक आकाराचे स्तंभ आहेत. महाकामच्या खोऱ्यातील बनुआक व तुंजुंग लोकांत उत्तरक्रियेच्या वेळी रेडा बांधण्यासाठी 'बलोंतांग' नावाचा कोरीव काष्ठस्तंभ उभारण्याची चाल आहे. ह्या अलीकडच्या चालीवरून पाचव्या शतकाविषयी अनुमान करणे धाडसाचे होईल. तरीही यज्ञस्तंभाची कल्पना ह्या भूमीला अगदीच परकी वाटली नसावी, इतके सुचविण्यास हरकत नाही.

ह्याचा अर्थ ब्राह्मणांचा वाटा गौण होता असा नव्हे. निर्दोष पद्य रचणारा मनुष्य परंपरागत अध्ययन केलेला असलाच पाहिजे. येथे नाणेघाटातील सातवाहन लेखाची आठवण होते. तेथेही यज्ञांची गणना व सहस्रावधी गाईंचे दान आहे, पण भाषा प्राकृत आहे. मध्यंतरीच्या शतकांत भारतातच राजप्रशस्तीची भाषा म्हणून संस्कृत प्रतिष्ठित झाले होते आणि मूलवर्म्याने ते ह्याच नव्या प्रतिष्ठेसह स्वीकारले. अर्थात् वीस सहस्र हा आकडा गणतीपेक्षा संकेत म्हणूनच वाचणे इष्ट.

स्वीकाराचे पुढील रूप शब्दांत दिसते. 'वप्रकेश्वर' हे नाव पुढे प्राचीन जावानी ताम्रपटांच्या शपथवचनांत 'बप्रकेश्वर' असे होऊन साक्षीदेवता म्हणून अवतरते. मलाय भाषेत 'कपाल' हे मस्तकवाचक झाले, जसे मराठीत 'कपाळ' हे ललाटवाचक झाले. 'स्वामी' पासून 'सुआमी' म्हणजे पती. शब्द घेणाऱ्यांनी अर्थ आपल्या सोयीने वळविले. वसाहतीच्या आज्ञेने असे स्वैर अर्थांतर घडत नाही.

मूलवर्म्यानंतरचा ह्या घराण्याचा इतिहास बहुतांशी मौनात आहे. नदीमुखाजवळ कुताई लामा येथे उदयास आलेल्या कर्तानगर राजवंशाने सोळाव्या शतकात इस्लाम स्वीकारला आणि परंपरेनुसार १६३५ मध्ये मुआरा कामनचे राज्य जिंकून घेतले. १७८२ मध्ये राजधानी तेंगारोंग येथे गेली. १९६० मध्ये ही सल्तनत संपुष्टात आली; तेंगारोंगचा राजवाडा आज मूलवर्म्याच्या नावाचे संग्रहालय आहे, आणि समारिंदा येथे १९६२ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठही त्याचेच नाव धारण करते. मूळ पाषाण मात्र जाकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. इंडोनेशियाच्या नव्या राजधानीसाठी २०१९ मध्ये ह्याच पूर्व कालिमांतान प्रांताची निवड झाली, तेव्हा ह्या प्राचीन राज्याचा उल्लेख पुन्हा होऊ लागला.

मुसलमान सुलतानांच्या वाड्याला व आधुनिक विद्यापीठाला एका यज्ञकर्त्या राजाचे नाव देताना तेथील लोकांना विसंगती वाटली नाही. कारण त्यांच्या दृष्टीने मूलवर्मा परका नव्हे, कुंडुंगाचा नातू होय. लेखांचा आधारही ह्याच समजुतीस आहे. भारतीय अभ्यासकाने ह्यात उणेपणा मानण्याचे कारण नाही. जी भाषा सैन्यावाचून समुद्र ओलांडून गेली व तेथील राजास आपली वाटली, तिचे सामर्थ्य वसाहतीच्या कल्पनेने वाढत नाही. उलट ते त्या कल्पनेआड झाकले जाते.