ओवाळणी आणि वाटा : कुर्ल्याच्या संदर्भात भाऊबिजेचा एक विचार

भाऊबिजेवरील लेखन बहुधा यम-यमुनेच्या कथेपासून सुरू होते आणि बहिणीच्या मायेपाशी थांबते. प्रस्तुत लेखात या सणाकडे मिळकतीच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. तबकात पडणारी ओवाळणी आणि पित्याच्या मिळकतीत न मिळालेला वाटा यांचा परस्परसंबंध काय, हा लेखाचा मुख्य प्रश्न होय. विवेचनासाठी कुर्ला निवडण्याचे कारण असे की, येथे वसलेल्या कामगार कुटुंबांची जमीन गावाकडे राहिली आणि शहरात त्यांच्या हाती आली ती चाळीतील एक खोली. वाटणीचा प्रश्न जमिनीवरून खोलीवर आला की भावा-बहिणीच्या नात्याचा कस लागतो.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील यम-यमी संवादात भाऊ-बहीण आहेत, परंतु सण नाही. कार्तिक शुद्ध द्वितीयेला यम यमुनेच्या घरी जेवला ही कथा पौराणिक आहे. तिच्या आधारे धर्मनिबंधकारांनी यमद्वितीयेचा विधी सांगितला. तेराव्या शतकातील हेमाद्रीपासून १७९० मध्ये पूर्ण झालेल्या काशीनाथ उपाध्यायांच्या ‘धर्मसिंधु’पर्यंत ही परंपरा दिसते. त्या दिवशी पुरुषाने स्वगृही जेवू नये, बहिणीच्या हातचे अन्न घ्यावे, तिला वस्त्रालंकारांनी तोषवावे आणि सख्खी बहीण नसल्यास मानलेल्या बहिणीकडे जावे, असा त्याचा सारांश आहे. येथे प्रवास भावाने करावयाचा आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

१६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ रचणारे कमलाकरभट्ट आणि ‘व्यवहारमयूख’ लिहिणारे नीलकंठभट्ट हे चुलतबंधू होते. मूळच्या पैठणच्या, काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील हे दोघे नारायणभट्टांचे नातू. एकाच्या ग्रंथात व्रते व तिथी यांचा निर्णय आहे, तर दुसऱ्याने वारसाच्या क्रमात बहिणीला स्थान दिले. ती भावाच्याच गोत्रात जन्मली, एवढे कारण नीलकंठांना पुरेसे वाटले. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या प्रदेशांत ‘मयूख’ प्रमाण मानला गेल्यामुळे मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी बहिणीला वारस म्हणून मान्यता दिली. मिताक्षरा पंथाच्या इतर प्रदेशांत असे स्थान तिला १९२९ च्या कायद्याने मिळाले. मात्र या उदारतेची मर्यादा स्पष्ट आहे. भावाला जवळचे वारस नसतील तरच बहिणीचा क्रम येई. भाऊ हयात असताना पित्याच्या मिळकतीत तिला पोटगी आणि विवाहखर्च यांपलीकडे काही नसे. मनु व याज्ञवल्क्य यांनी भावांना आपल्या वाट्यातून बहिणीसाठी चतुर्थांश काढावयास सांगितले होते. व्यवहारात त्याचा अर्थ लग्नखर्च एवढाच उरला. राहिला तो वार्षिक मान, म्हणजे ओवाळणी.

आता कुर्ल्याकडे वळू. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग सुरू झाला आणि साष्टीतील हे गाव त्याच्या वाटेवर आले. १८८६ मध्ये जमशेटजी टाटा यांनी येथील धरमसी गिरणी विकत घेऊन तिला ‘स्वदेशी’ हे नाव दिले. फेब्रुवारी १९२५ मध्ये देशातील पहिली विजेची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून धावली, तीही कुर्ल्यापर्यंतच. मुंबईच्या गिरण्यांतील मोठा कामगारवर्ग रत्नागिरी, सातारा या भागांतून आला आणि त्यातील पुष्कळ पुरुष एकटे आले. १९११ ते १९३१ या काळातील जनगणनांत मुंबई शहरात हजार पुरुषांमागे सहाशेही स्त्रिया नव्हत्या. कुर्ला तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर होते, तरी गिरणीच्या आसपासचे चित्र फार निराळे असेल असे वाटत नाही.

अशा वस्तीत शास्त्रात सांगितलेली भाऊबीज कशी साजरी व्हावी? बहीण घाटावर किंवा तळकोकणात, भाऊ खात्यात पाळीवर. पूर्वी मुऱ्हाळी होऊन तिला आणावयास जाणारा हाच भाऊ. १८८० पासून टपाल खात्याची मनीऑर्डर सुरू झाली होती आणि चाकरमान्याच्या घराला तिचाच आधार होता. ओवाळणी रोख होण्यामागे ही मजुरीची अर्थव्यवस्था आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पुढे कुटुंबे खोलीवर राहावयास आली, मुली जवळपासच्या उपनगरांत दिल्या गेल्या आणि भावाचे बहिणीकडे जाणे पुन्हा शक्य झाले.

परंतु याच खोलीने नवा पेच निर्माण केला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासमवेत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेहक्क मिळे. सासरी गेलेली मुलगी त्यातून आपोआप गळाली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पित्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत तिला समान वारस केले खरे, पण कलम २३ अन्वये राहत्या घराची वाटणी पुरुष वारसांनी मागेपर्यंत तिला मागता येत नव्हती. ज्याची मिळकत म्हणजे राहती खोलीच, त्याच्या मुलीला या समानतेचा उपयोग किती? महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद केले, तेव्हा २२ जून १९९४ पूर्वी विवाह झालेल्या मुली वगळल्या गेल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट नाहीशी झाली आणि कलम २३ ही गेले. २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सहदायादत्व जन्माने येते. ९ सप्टेंबर २००५ रोजी पिता हयात असणे आवश्यक नाही.

कायद्याने वाटा दिला आणि त्याबरोबर हक्कसोडपत्राचे महत्त्व वाढले. वडिलांच्या पश्चात घर नावावर करताना किंवा इमारतीचा पुनर्विकास होताना बहिणींच्या सह्या लागतात आणि बहुतेकदा त्या विनामोबदला होतात. याला बहिणीचे भाबडेपण म्हणणे सोपे आहे. ते योग्य नाही. जिला स्वतःची मिळकत नाही, तिला नवऱ्याशी बिनसल्यास किंवा वैधव्य आल्यास परतण्याची एकमेव जागा माहेर असते. वाटा सोडून ती ते दार उघडे ठेवते. जात्यावरच्या ओव्यांत भावाचे कौतुक आणि भावजयीविषयीची धास्ती शेजारी शेजारी नांदतात, त्याचे कारण हेच. या ओव्या रचणाऱ्या स्त्रियांना हिशेब कळत नव्हता, असे त्या वाचून तरी म्हणवत नाही. (पुण्यात गी पॉइटवँ व हेमा राइरकर यांनी उभ्या केलेल्या संग्रहात लाखाच्या आसपास ओव्या आहेत, आपल्या महाविद्यालयांनी त्यांचा उपयोग अजून फारसा केलेला नाही.)

मानलेल्या बहिणीची सोय शास्त्रात होतीच. तिला सार्वजनिक रूप दिले ते १८९६ मध्ये स्थापन झालेल्या महर्षी कर्वे यांच्या संस्थेने, हिंगण्याच्या भाऊबीज निधीद्वारे. घरोघरच्या ओवाळणीतून मुलींचे शिक्षण व्हावे, ही त्यामागील कल्पना. अलीकडे शासनही भाऊ झाले आहे. अंगणवाडी सेविकांना ‘भाऊबीज भेट’ मिळते, आणि २०२४ मध्ये ‘माझी लाडकी बहीण’ योजनेतील दरमहा १५०० रुपयांचे पहिले हप्ते राखीपौर्णिमेच्या सुमारास जमा झाले. या रकमेची गरज खरी आहे. तथापि अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा अधिकार मान्य होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निर्णय लागला, हेही नमूद केले पाहिजे. भेट देणारा हात हक्काच्या कागदापाशी आखडतो.

या विषयाच्या पुढील संशोधनासाठी पुराणांपेक्षा दुय्यम निबंधक कार्यालये अधिक उपयोगी पडतील. स्थावर मिळकतीवरील हक्क सोडण्याचा दस्त १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार नोंदवावा लागतो आणि त्याची सूची क्रमांक दोन कोणालाही पाहता येते. घाटकोपर, मुलुंड, चेंबूर ही उपनगरे कुर्ला तालुक्यातच येतात. सूचीत लिहून देणाऱ्यांची नावे, लिहून घेणाऱ्याचे नाव, मोबदल्याचा आकडा आणि दिनांक असतो. १९९४ आणि २००५ या दोन वर्षांच्या अलीकडील व पलीकडील नोंदी समोरासमोर ठेवल्यास मोबदल्याच्या रकान्यात काही बदल झाला की नाही, ते पाहता येईल. दस्तांचे दिनांक दिवाळीच्या आधीचे आहेत की नंतरचे, हेही त्याच वेळी मोजावे.